वाळीत टाकलंय? मिटवायचंच असेल तर कोर्टात मिटवा

वाळीत टाकलेल्या कुटुंबाच्या अंगाला सहसा कोणी हात लावत नाही. किराणावाला "साखर संपलीय" म्हणतो आणि मागच्या गिऱ्हाईकाला तीच साखर तोलून देतो. घरात मयत झालं तर बाहेरगावचे पाहुणे पोचेपर्यंत तिरडीला चार खांदे मिळत नाहीत. फिर्याद घसरते ती नेमकी इथे. कारण "आमच्याशी कोणी बोलत नाही" एवढ्याने गुन्हा उभा राहत नाही. बोलू नका असं जातपंचायतीच्या किंवा गावकीच्या बैठकीत पंचांनी ठरवणं, तसं फर्मान काढणं, ते मोडणाऱ्याला दंड लावणं, हा गुन्हा.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा विधिमंडळात एप्रिल 2016 मध्ये मंजूर झाला आणि राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, पण जामीनपात्र. म्हणजे सकाळी अटक झालेले पंच संध्याकाळी पारावर परत. हे फिर्यादीला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर त्याच संध्याकाळी तो खचतो.

फिर्यादीत काय हवं? बैठकीची तारीख, जागा, कोण बोललं, नेमकं काय बोललं, दंड किती आणि तो कोणाच्या हातात दिला. पावती कोणी देत नाही, पण व्हॉट्सॲपवर मेसेज किंवा आवाजाची क्लिप हमखास फिरते. ती ज्या मोबाईलवर आली तो मोबाईल जपून ठेवा. विकू नका, फॉरमॅट मारू नका. नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं, म्हणजे ही प्रत कोणत्या यंत्रातून कशी काढली हे सांगणारं, प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नुसती छापील प्रत कोर्टात टिकणं अवघड. आणि एक साधी वही करा: कोणत्या दिवशी कोणत्या दुकानाने माल नाकारला, काय म्हणून नाकारला. "पंचांनी सांगितलंय" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघालं तो तुमचा सगळ्यात मोलाचा साक्षीदार. उद्या फितूर होण्याची शक्यता सगळ्यात जास्त तीही त्याचीच, कारण त्याला राहायचंय त्याच गावात.

1 जुलै 2024 पासून एक नवी अडचण आली आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे, तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातल्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने एफआयआरआधी 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. आपल्या कायद्यातली शिक्षा त्या टप्प्याच्या काठावरच आहे. कागदावर 14 दिवस चौकशीचे. गावात ते दबावाचे. सरपंच येतो, भावकीतला वडीलधारा येतो, पुढाऱ्याचा फोन येतो. पुढाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याचं गणित बघा. फिर्यादीच्या घरात पाच मतं, पंचांच्या मागे अख्खी वाडी. हा कायदा करणारं राजकारण आणि तो गावात थोपवणारं राजकारण एकाच मतपेटीतून येतं.

ठाणेदाराने फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. फिर्यादी अनुसूचित जाती-जमातीचा आणि वाळीत टाकणारे त्याबाहेरचे असतील तर ॲट्रॉसिटी कायद्यातही बहिष्कार हा गुन्हा आहे, आणि तिथे अटकपूर्व जामिनाला आडकाठी आहे. पण जातपंचायत आपल्याच जातीतल्या माणसाला टाकते तेव्हा तो कायदा लागत नाही. 2016 चा कायदा हवा होता तो मुख्यतः यासाठी.

पंचांचं वजन कमी लेखू नका. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा झाला, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे चहा घेणाऱ्यांना जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणाऱ्या रानड्यांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृत करण्यालाच बंदी घातली. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो कायदा रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हांचं मत वेगळं होतं: कायदा टिकावा असं. तो वाद 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला.

आता तडजोडीचं. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर हा गुन्हा मिटवता येतो. चळवळीतल्या अनेकांना ही तरतूद खुपते. मला नाही खुपत. फिर्यादीला पंच तुरुंगात गेलेले बघायचे असतात असं नाही. त्याला मुलीच्या लग्नात मांडव भरलेला बघायचा असतो. शिक्षा झाली म्हणून मांडव भरत नाही. खुपतं ते ठाण्याच्या ओट्यावर, एफआयआरआधी झालेलं "मिटवा-मिटवी". त्याचा कागद नसतो, आणि महिन्याभरात बहिष्कार पुन्हा चालू. आरोपपत्र दाखल झाल्यावर मिटवलं तर मागे न्यायालयाचा आदेश असतो.

त्या तडजोडीत "यापुढे सलोख्याने राहू" असली गुळमुळीत ओळ लिहू नका. प्रत्येक पंचाचं नाव लिहा. घेतलेला दंड किती, कोणत्या तारखेला परत, तेही लिहा. आणि बहिष्कार ज्या जागी जाहीर झाला त्याच जागी, तेवढ्याच माणसांसमोर, त्याच पंचाच्या तोंडून मागे घेतला जाईल, ही अट वकिलाला पहिल्या परिच्छेदात टाकायला लावा. पैसे परत द्यायला पंच लवकर तयार होतात. घासाघीस होते ती या ओळीवर.