मलाक्का मोठे झाले ते केवळ जागेमुळे नव्हे

मलय द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मलाक्का बंदराच्या वैभवाचा विषय निघाला की 'मोक्याची जागा' एवढे एकच कारण सांगून बहुतेक जण मोकळे होतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. मलय द्वीपकल्प आणि सुमात्रा यांच्यामधल्या त्याच सामुद्रधुनीवर पासे आणि केडा ही बंदरे आधीपासून होती आणि वारेही सर्वांना सारखेच होते. तरीही सुमात्रातल्या पालेंबांगहून परागंदा झालेल्या परमेश्वर नावाच्या राजपुत्राने १४०० च्या सुमारास वसवलेले हे गाव शंभर वर्षांच्या आत सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर सत्ता गाजवू लागले. माझ्या मते याचे खरे श्रेय बंदराच्या कारभाराला द्यायला हवे.

सुरुवातीला परमेश्वराजवळ स्वतःचे बळ बेताचेच होते. होड्यांवरच आयुष्य काढणारे, प्रसंगी जहाजे लुटणारे ओरांग लाउत त्याने आपल्या पदरी ठेवले आणि त्यांच्याकडे जलमार्गाची राखण सोपवली. सयामचा (आजच्या थायलंडचा) दाब होता, म्हणून त्याने चीनच्या मिंग दरबाराची मान्यता मिळवली आणि १४११ मध्ये तो स्वतः चीनला जाऊन आला.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न मुक्कामाचा होता. गुजरातेतली गलबते एका मोसमी वाऱ्यावर येत आणि चिनी जहाजे दुसऱ्या. त्यामुळे वारा फिरेपर्यंत माल कुठेतरी निर्धास्तपणे ठेवता येणे ही व्यापाऱ्याची पहिली गरज होती. झेंग ह या चिनी नौसेनापतीच्या ताफ्याबरोबर गेलेल्या मा हुआनने तिथल्या चिनी वखारीचे वर्णन केले आहे: भोवती लाकडी तटबंदी, वेशी, पहाऱ्याचे मनोरे, रात्रीची गस्त आणि आत पुन्हा दुसरे कुंपण घालून त्यात कोठारे.

व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमलेले होते आणि त्यांपैकी एक फक्त गुजरात्यांचा होता. जहाज लागले की मलाक्कातले दहा-वीस व्यापारी अधिकाऱ्यासमोर बसून सगळ्या मालाचा भाव एकदम ठरवीत आणि तो आपसांत वाटून घेत, त्यामुळे परक्या माणसाला दारोदार घासाघीस करावी लागत नसे. पश्चिमेकडून येणाऱ्या मालावर सहा टक्के जकात होती, तर पूर्वेकडच्यांकडून जकातीऐवजी नजराणे घेतले जात. काय द्यावे लागणार हे आधीच ठाऊक असणे ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती, असे मला मनापासून वाटते. तुन पेराकसारख्या प्रधानाने सयामच्या स्वाऱ्या परतवल्या आणि द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पहांगपर्यंत सत्ता पोहोचवली, त्यामागेही याच उत्पन्नाचे बळ होते.

गोवा कायमचा ताब्यात आल्यावर वर्षभराच्या आतच, ऑगस्ट १५११ मध्ये, पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने मलाक्का जिंकले आणि तिथे भक्कम किल्ला बांधला. किल्ला टिकला, पण मुस्लिम व्यापाऱ्यांनी आचे, जोहोर आणि पुढे बांतेनकडे आपली गलबते वळवली, आणि पोर्तुगीजांच्या तोफांना ती परत आणता आली नाहीत.