शहरं बुडाली, आटली, ओस पडली? एका फॉरवर्डला उत्तर

‘महानगरांचा काळ संपला’ असं सांगणारा एक लांबलचक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जाकार्ता बुडतंय, म्हणून इंडोनेशियाने राजधानीच हलवली. केप टाऊनचं पाणी २०१८ मध्ये संपलं. मोठ्या शहराची एकदा बिघडलेली हवा सुधारत नाही. कोंडीवर रस्ते रुंद करण्याशिवाय इलाज नाही. कोविडनंतर लोक शहरं सोडून निघालेत. तेव्हा शहाणे देश जुन्या शहरांवर पैसा घालवत नाहीत, नवी कोरी शहरं उभारतात.

या मजकुरात धडधडीत खोटं थोडं आणि अर्धवट पुष्कळ आहे. संकटं खरी आहेत, त्यांची कारणं तेवढी गाळली आहेत. कारण गाळलं की संकट नशिबाचा फेरा वाटू लागतं आणि ते कुणी, कसं निस्तरलं हे विचारायचं राहून जातं. म्हणून एकेक ओळ घेऊ.

‘जाकार्ता बुडतंय, समुद्रापुढे कुणाचं चालणार?’

समुद्र वर येतोय हे खरं, पण वर्षाला काही मिलिमीटर. उत्तर जाकार्ताच्या काही भागांत जमीन वर्षाला २० सेंटिमीटरहून जास्त खचल्याच्या नोंदी आहेत. समुद्र वर चढतोय त्याच्या कितीतरी पट वेगाने शहरच खाली जातंय, आणि त्याचं मुख्य कारण आहे भूजलाचा उपसा. मातीच्या थरांतलं पाणी काढून घेतलं की थर दबतात, त्यांवर इमारतींचं ओझं असतंच. लोक उपसा का करतात? कारण शहराच्या मोठ्या भागात नळाचं पाणी धड पोचलंच नाही. १९९८ मध्ये पाणीपुरवठा दोन खासगी कंपन्यांकडे गेला आणि २०२३ मध्ये तो परत सरकारी कंपनीकडे आला. मधल्या पंचवीस वर्षांत बोअर चालूच राहिले. ज्याच्या घरी नळ नाही त्याला बोअर बंद कर म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार?

आता टोकियो पाहा. तिथल्या पूर्वेकडच्या सखल भागात विसाव्या शतकात जमीन काही ठिकाणी चार मीटरहून जास्त खचली. कारण हेच. १९५६ मध्ये कारखान्यांच्या आणि १९६२ मध्ये इमारतींच्या भूजल उपशावर कायद्याने बंधनं आली, उद्योगांना दुसरीकडून पाणी पुरवलं गेलं, पुढे खाऱ्या भूजलातून नैसर्गिक वायू काढणंही थांबवलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर खचणं जवळपास थांबलं. इतकं, की भूजल परत वर चढलं आणि त्याच्या दाबाने टोकियो स्थानकाचा जमिनीखालचा भाग उचलला जाऊ नये म्हणून तो जहाजाच्या नांगरासारखे अँकर जमिनीत ठोकून जखडून ठेवावा लागला. (अशी अडचण कुठल्याही शहराने आनंदाने पत्करावी.) शांघायही अडीच मीटरपर्यंत खचलं होतं. तिथे १९६० च्या दशकात उपसा कमी केला आणि विहिरींतून पाणी उलट जमिनीत सोडायला सुरुवात केली.

फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. खचलेली जमीन परत वर येत नाही. टोकियोत आजही लाखो माणसं समुद्रसपाटीखालच्या वस्त्यांत, बांधांच्या आणि पंपांच्या भरवशावर राहतात. उशीर केल्याची किंमत तिथे रोज मोजली जाते. पण खचणं थांबवता येतं की नाही, या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

‘केप टाऊनचं पाणी संपलं.’

संपलं नाही. इथे फॉरवर्ड सरळसरळ चुकलं आहे, आणि त्याने गाळलेला भागच ऐकण्यासारखा आहे.

तीन वर्षं ओळीने पाऊस कमी झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये पालिकेने जाहीर केलं की धरणांतला साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की बहुतेक घरांचे नळ बंद होतील आणि सुमारे दोनशे केंद्रांवर रांगेत उभं राहून माणशी २५ लिटर पाणी घ्यावं लागेल. त्या दिवसाला ‘डे झिरो’ असं नाव पडलं आणि एप्रिलमधली तारीखही दिली गेली. १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा लागू झाली. जास्त वापराला चढे दर लागले, सढळ वापरणाऱ्या घरांना पुरवठा आपोआप तोडणारी मीटरं बसवली गेली, जलवाहिन्यांतला दाब कमी करून गळती आटोक्यात आणली. कुठलं घर मर्यादेत आहे हे दाखवणारा नकाशा पालिकेने चक्क इंटरनेटवर टाकला. त्यावरून वादही झाला, पण शेजाऱ्याच्या घरावर हिरवा ठिपका आणि आपल्या घरावर नाही, हे कुणाला आवडेल? शेजारच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणातलं सुमारे १० अब्ज लिटर पाणी शहरासाठी सोडलं. २०१५ मध्ये शहराला रोज साधारण १२० कोटी लिटर पाणी लागायचं, ते ५० कोटींच्या आसपास आलं. तारीख पुढे पुढे सरकत गेली, हिवाळ्यात पाऊस आला आणि तो दिवस उजाडलाच नाही.

पाऊस आला म्हणून वाचले, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण पाऊस येईपर्यंत तग धरणं हेच तर काम होतं. शिवाय तीन वर्षांत निम्म्याहून जास्त बचत करणाऱ्या शहराला ‘संपलेलं’ म्हणायचं, तर चालू शहर कुठलं? एक कडू बाजूही आहे. शहरातल्या झोपडवस्त्या आधीपासूनच सामायिक नळावर रांगा लावत होत्या. त्यांना डे झिरो नवा नव्हता, बंगल्यांच्या नळापर्यंत आला तेव्हा त्याची जगभर बातमी झाली.

नामिबियाची राजधानी विंडहूक तर वाळवंटांच्या मधोमध आहे. तिथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतात. आटण्याचा मान खरं तर या शहराचा होता. फॉरवर्डमध्ये त्याचं नाव नाही, कारण तिथे बातमी होईल असं काही घडत नाही.

‘हवा एकदा बिघडली की बिघडली.’

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या धुरक्याने काही हजार माणसं मेली. तेव्हाचा अंदाज चार हजारांचा होता, नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्या हळूहळू हटल्या. ही गोष्ट जुनी वाटत असेल तर बीजिंग घ्या. २०१३ मध्ये तिथे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची (पीएम २.५) वार्षिक सरासरी घनमीटरमागे ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०२२ मध्ये ती ३० वर आली. कोळशाचे बॉयलर बदलले, जड उद्योग हटवले, शहरातलं शेवटचं मोठं कोळशाचं वीजकेंद्र २०१७ मध्ये बंद केलं.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. २०१७ च्या हिवाळ्यात उत्तर चीनच्या काही गावांत कोळसा बंद झाला पण गॅस पोचला नव्हता, आणि लोक थंडीत कुडकुडले. तीसचा आकडाही जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचच्या शिफारशीपेक्षा सहापट आहे. तरी नऊ वर्षांत दोन-तृतीयांश घट झालेल्या हवेला ‘सुधारत नाही’ म्हणणं म्हणजे मोजमापाकडे पाठ फिरवणं.

‘रस्ते रुंद करा, कोंडी फुटेल.’

अमेरिकेतल्या ह्यूस्टनने हे करून पाहिलं. तिथला केटी फ्रीवे २००८ पर्यंत इतका रुंद केला की सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका झाल्या. खर्च सुमारे २८० कोटी डॉलर. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पूर्वीपेक्षा लांबला, कारण मोकळा रस्ता दिसला की नव्या गाड्या येतात आणि रस्त्याकडेला नव्या वसाहती उठतात.

दक्षिण कोरियाच्या सोलने उलटं केलं. चंग्येचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये जवळपास सहा किलोमीटरचा ओढा खुला केला. वाहतुकीचं पार वाटोळं होणार, ही भविष्यवाणी फसली. २००४ मध्ये बससेवेची केलेली फेररचना त्यामागे होती, हे सांगायला हवं. ओढ्यातलं पाणी बरंचसं पंपाने आणलेलं आहे आणि तिथल्या फेरीवाल्यांना उठवलं गेलं, हेही सांगायला हवं. स्टॉकहोमने २००६ मध्ये मध्यवर्ती भागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून पाहिलं आणि गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या. आधी लोकांचा विरोध होता. सहा-सात महिन्यांच्या प्रयोगानंतर सार्वमत घेतलं, तेव्हा शहराचा कौल बाजूने पडला.

‘कोविडनंतर लोक शहरं सोडून चालले.’

न्यूयॉर्कमधून २०२० ते २०२२ दरम्यान लोक गेले, त्यानंतर आकडा पुन्हा वाढू लागला. हेच शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं आणि त्या दशकात त्याने आठ लाखांहून जास्त माणसं गमावली. तेव्हाही मृत्युलेख लिहिले गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालात तर जगातलं सर्वांत मोठं शहर म्हणून कुणाचं नाव यावं? जाकार्ताचं, सुमारे ४ कोटी २० लाख लोकवस्तीसह. (मोजण्याची पद्धत बदलल्याने टोकियो खाली गेलं, पण बुडणाऱ्या शहरातून लोक पळालेत, असं कुठल्याच पद्धतीने दिसत नाही.)

शहरं खरोखर रिकामी होतात हेही तितकंच खरं. डेट्रॉइटची वस्ती १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये साडेसहा लाखांच्या खाली गेली. पण तिथे लोक हटले ते मोटारउद्योगावरच्या भिस्तीमुळे, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेल्यामुळे आणि त्याच्यामागोमाग करही गेल्यामुळे. साथीचा तिथे संबंध नव्हता.

‘शहाणे देश नवी शहरं बांधतात.’

सौदी अरेबियाची ‘द लाइन’ १७० किलोमीटर लांब आणि ९० लाख लोकांसाठी होणार होती. २०२४ मध्येच बातम्या आल्या की २०३० पर्यंत जेमतेम २.४ किलोमीटरचं उद्दिष्ट उरलं आहे. ब्राझीलची ब्राझिलिया निदान पूर्ण तरी झाली. एप्रिल १९६० मध्ये उद्घाटन झालेली ही राजधानी पाच लाखांसाठी आखली होती. पण ती बांधणाऱ्या मजुरांना नकाशात जागाच नव्हती, आणि त्यांच्यासाठी ताग्वातिंगा ही उपनगरी राजधानीच्या उद्घाटनाआधी, १९५८ मध्येच वसवावी लागली. आज राजधानीच्या जिल्ह्यातल्या सुमारे २८ लाखांपैकी बहुतेक लोक अशा उपनगरींतच राहतात.

राहता राहिली नुसांतारा, इंडोनेशियाची होऊ घातलेली नवी राजधानी. घोषणा २०१९ ची, कायदा २०२२ चा, आणि २०४५ पर्यंतचं लोकसंख्येचं लक्ष्य १९ लाख. ते सगळं साधलं तरी जाकार्तातले बाकीचे कोट्यवधी लोक आहेत तिथेच राहतील, त्याच जमिनीवर, त्याच बोअरांच्या शेजारी. इंडोनेशियाच्या सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच जाकार्ता ज्या बेटावर आहे त्या जावाच्या उत्तर किनाऱ्यावर प्रचंड समुद्रभिंत बांधण्याची योजना ते पुन्हा पुढे रेटत आहे, आणि जाकार्तात नळजोडण्या वाढवण्याचं कामही त्याच्या डोक्यावरून उतरलेलं नाही.