सध्या हाती 'स्मृतिचित्रे', त्यानंतर 'जिणं आमुचं'

वाचणाऱ्या माणसांची गाठ पडली की बोलणे फार वेळ इकडेतिकडे राहत नाही. सध्या काय चालू आहे आणि त्यानंतर काय घेणार, या दोन प्रश्नांवर ते येतेच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांकडे तयार असते. दुसऱ्याचे देताना मात्र बरेच जण थबकतात आणि मग एखादी यादी पुढे करतात: यंदाची पुरस्कारप्राप्त पुस्तके, कुणी तरी सुचवलेली 'वाचलीच पाहिजेत' अशी पुस्तके, प्रदर्शनात सवलतीत घेऊन ठेवलेला गठ्ठा. पुढचे पुस्तक कोणते हे ठरवण्याचा पहिला अधिकार हातातल्या पुस्तकाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे, आणि या पावसाळ्यात मी ज्या क्रमाने मराठी आत्मकथने वाचते आहे, त्या क्रमाच्या आधारेच ते मांडते.

आरंभ विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पासून झाला. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण घरचे कर्ज फेडावे म्हणून १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणा चांगली मिळेल, एवढीच त्याची अपेक्षा होती. वाटेत शिपायांच्या उठावाची बातमी कळली आणि यज्ञासाठी निघालेला हा गृहस्थ युद्धाच्या ऐन मध्यभागी जाऊन पोचला. झांशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. गोरे सैन्य आत शिरल्यानंतरची लूट, कत्तल आणि आगी त्याने लपूनछपून स्वतः पाहिल्या. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची जी नासधूस झाली, तिचे त्याने केलेले वर्णन कोणत्याही वाचणाऱ्या माणसाला अस्वस्थ करील असे आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, तहानेने व्याकूळ झालेली राणी त्याला भेटते. तो पाणी काढून देऊ लागतो, तर आपण विद्वान ब्राह्मण आहात, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, अशा अर्थाचे काही बोलून ती स्वतःच पाणी काढते आणि ओंजळीने पिते. इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत राणीची पराक्रमाची वर्णने पुष्कळ आहेत, पण तिच्या थकव्याचे इतके साधे आणि इतके खरे वर्णन माझ्या वाचनात दुसरीकडे कोठे आलेले नाही.

हे पुस्तक घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. गोडसे यांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून हा मजकूर लिहिला आणि वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला, परंतु त्यात त्यांनी स्वतःच्या विचाराने बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. आज बाजारात या पुस्तकाच्या अनेक प्रती मिळतात आणि त्यांतल्या कित्येकांवर मजकूर कोणता घेतला आहे याचा उल्लेखही नसतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी प्रस्तावना उघडून पाहावी. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत आवृत्ती पाहून घेणे हा वाचनाचाच भाग आहे, आणि आपल्याकडे त्याकडे फार दुर्लक्ष होते याचे मला मनापासून वाईट वाटते.

'माझा प्रवास' संपवताना पुढचे पुस्तक मी ठरवले नव्हते. १८५७ सालाशी बांधलेले आणखी काही मराठी घरातून, अंगणातून सांगितलेले मिळाले तर हवे होते, आणि तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची सुरुवात आठवली. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना त्या धामधुमीत फाशी झाली होती आणि त्या धक्क्यातूनच आपल्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, असे त्या आरंभीच सांगतात. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नाही, कोणी शिवले की आंघोळ, आणि या सगळ्याचा भार अर्थातच घरातल्या बायकामुलींवर. गोडसे यांच्या पुस्तकात जे साल तोफांच्या आवाजात येते, तेच येथे नाशिकजवळच्या जलालपुरातल्या एका घराच्या उंबऱ्यावर, ओल्या वस्त्रांनी थरथरणाऱ्या मुलींच्या रूपाने येते. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका. झांशीच्या राणीचेही लहानपणीचे नाव मणिकर्णिका. योगायोगच आहे, पण एकापाठोपाठ वाचताना तो सुखावून गेला.

सध्या हेच पुस्तक हाती आहे, आणि ते मुद्दाम सावकाश वाचते आहे. त्याचे भाग १९३४ ते १९३६ या वर्षांत प्रसिद्ध झाले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या बाईने, उतारवयात, इतके लख्ख, बोलके आणि विनोदाने भरलेले गद्य लिहावे, याचे नवल अजून ओसरलेले नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर जे कोसळले ते त्या न आक्रोशता सांगतात. नवऱ्यावरचा राग, त्याच्याविषयीची ओढ, लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या घरी काढलेली वर्षे, आणि मग पुन्हा एकत्र येणे. या पुस्तकाची ओळख करून देताना प्रेमळ आणि विक्षिप्त नवरा व सोशिक पण खट्याळ बायको एवढेच सांगण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे, आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून वेचे वाचलेल्या अनेकांच्या मनात तेवढेच उरते. मला या वेळी सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा सोवळ्यापासून माणसापर्यंतचा प्रवास. ज्या घरात मीठमसालाही बाटतो, त्या घरात वाढलेली ही मुलगी पुढे स्वतः विचार करून जातिभेद मनातून काढून टाकते आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागते. हा बदल त्या कुठल्याही थोर शब्दांत सांगत नाहीत, आणि म्हणूनच तो पटतो.

येथपर्यंत आल्यावर पुढचे पुस्तक कोणते, याविषयी माझ्या मनात शंकाच उरली नाही. ते बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' असले पाहिजे. हे मी पूर्वी वाचलेले आहे, पण एकटे वाचले होते. 'स्मृतिचित्रे'च्या लगेच मागून ते वाचणे ही निराळीच गोष्ट ठरेल, अशी माझी खात्री आहे. बेबीताईंनी पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या महारवाड्याचे जे चित्र काढले आहे, त्यात सरपण विकायला गावात गेलेल्या बायकांचा एक प्रसंग आहे. मोळी घेणारी ब्राह्मण घरची बाई त्यांना बजावते की लाकडे नीट पाहा, एखादा केस किंवा लुगड्याचा दोरा अडकलेला असेल तर काढून टाका, नाही तर आमचे घर बाटेल. डोक्यावरून ओझे वाहून आणलेल्या त्या बायका मग एकेक लाकूड निरखून देतात. लक्ष्मीबाईंच्या घरी आलेली वस्तू ज्या भयाने धुतली जात होती, त्या भयाची दुसरी बाजू या मोळीपाशी उभी आहे. उंबऱ्याच्या आत थंडीने कुडकुडणारी मुलगी आणि उंबऱ्याच्या बाहेर लाकडातला केस शोधणारी बाई, या दोघींवर एकच सोवळे लादलेले होते. एकीच्या वाट्याला त्यातून त्रास आला आणि दुसरीच्या वाट्याला अपमान व उपासमार, आणि हा फरक लहान नाही. दोन्ही पुस्तके मराठीत आहेत, दोन्ही बायकांनी लिहिलेली आहेत, दोन्ही सहज मिळतात, आणि तरीही ती एकापाठोपाठ वाचलेली माणसे मला फार थोडी भेटतात. हे मला आपल्या वाचनसंस्कृतीतले मोठे उणेपण वाटते. एका घरातल्या कपाटात पहिले असते, दुसऱ्या घरातल्या कपाटात दुसरे, आणि दोन्ही घरांत माणसे मनापासून वाचत असतात.

बेबीताईंच्या लेखनाची हकीकतही प्रत्येक वाचकाने ठाऊक करून घ्यावी अशी आहे. फलटणला त्या छोटे दुकान चालवत. तेथे बसून, घरच्यांच्या नकळत, वर्षानुवर्षे त्या लिहीत राहिल्या आणि लिहिलेले कागद लपवून ठेवीत राहिल्या. फलटणला राहून काम करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते लेखन बाहेर आले, आधी 'स्त्री' मासिकात आणि मग १९८६ साली पुस्तकरूपाने. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणींतही शिकण्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी सोसणारी, अकराव्या वर्षी एकतीस वर्षांच्या विधुराशी लग्न झालेली मुलगी आहेच. परंतु तिच्या मागे न्यायमूर्ती नवरा उभा होता. बेबीताईंना नवऱ्यापासूनच पाने लपवावी लागली. मराठी बायकांनी लिहिते होण्यासाठी काय काय केले, हे एवढ्या तपशिलाने सांगणारी पुस्तके आपल्या भाषेत आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

माझ्या ओळखीतले इतर वाचकही या दिवसांत उत्साहाने वाचत आहेत. कोल्हापूरच्या एका मैत्रिणीच्या हाती कृष्णात खोत यांचे 'रिंगाण' आहे. साहित्य अकादमीचा २०२३ चा पुरस्कार मिळाल्यावर तिने ते घेतले आणि दोन वर्षे कपाटात ठेवून अखेर उघडले, तेव्हा विस्थापितांची ती गोष्ट वाचून ती इतकी हलली की आता धरणग्रस्तांवरचे मिळेल ते वाचायचे तिने ठरवले आहे. पुरस्काराने पुस्तक हातात दिले हे खरे, परंतु पुढची वाट त्या कादंबरीने दाखवली. मुंबईतले एक स्नेही लोकलच्या प्रवासात ऐकतात, आणि श्राव्य पुस्तकांमुळे आपले थांबलेले वाचन पुन्हा सुरू झाले असे ते सांगतात. ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. धाकट्या भावाने रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही जाडजूड कादंबरी हाती घेतली आहे, आणि ती संपेपर्यंत त्याला पुढचे विचारू नये असे त्याच्या बायकोने सर्वांना सांगून ठेवले आहे.

माझ्या मताला एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खरोखर विचार करण्यासारखा आहे. पुस्तकाच्या मागून पुस्तक असे जात राहिले तर माणूस एकाच गल्लीत फिरत राहील, त्याला अनोळखी काही भेटणारच नाही, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव याच्या उलट आहे. याद्या करणारी माणसे बहुधा आपल्यासारखीच असतात, त्यामुळे यादीतली पुस्तके आपल्या ओळखीच्या वर्तुळातच फिरवतात. भिक्षुकाच्या प्रवासवर्णनापासून मी महारवाड्यातल्या आत्मकथनापर्यंत आले, ते प्रत्येक पुस्तकात न सांगितलेले काय राहिले आहे, हा प्रश्न विचारल्यामुळे. गोडसे राणीविषयी भरभरून लिहितात, पण त्यांच्या स्वतःच्या घरातल्या बायका त्या काळात कशा राहिल्या, हे त्यांच्या पुस्तकात फारसे येत नाही. म्हणून लक्ष्मीबाईंकडे जावे लागले. लक्ष्मीबाईंच्या उंबऱ्याबाहेर कोण उभे होते, हे विचारले की बेबीताईंकडे जावेच लागते. शिवाय वाचनालयातल्या ग्रंथपालांशी बोलण्याची सवय ठेवली, तर आपल्याला न सुचलेले पुस्तकही याच वाटेवर भेटते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात, आणि तेथे उभ्या उभ्या चाळताना जे मिळते ते मोबाइलवर शोधून मिळत नाही. ज्यांना तेथे जाता येत नाही, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्या देशात पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे गोडसे, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांचे मूळ लेखन छापायला किंवा संगणकावर ठेवायला आज कोणाचीही आडकाठी नाही.

'जिणं आमुचं' नंतर ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' घ्यायचे आहे. २००३ साली आलेल्या या पुस्तकाच्या आरंभीच रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातल्या बायका डोक्यावर लाकडे, गवत, बांबूची विणलेली सुपे-टोपल्या घेऊन डोंगर तुडवत बाजाराला निघालेल्या दिसतात. वीरगावची मोळी आणि फणसवळ्याची टोपली यांच्यामध्ये देश आणि कोकण एवढे अंतर आहे, आणि बाबासाहेबांच्या चळवळीनंतर शिकलेल्या पिढीचेही. त्या पिढीतली बाई शहरात, नोकरीत आणि स्त्रियांच्या चळवळीत गेल्यावर काय पाहते, हे मला बेबीताईंच्या पुस्तकाच्या उजेडात वाचायचे आहे. त्यानंतर अभिनेत्री हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' बऱ्याच काळापासून मनात आहे. अरुण साधू यांनी शब्दांकन केलेल्या या आत्मकथनात बाईच्या बोलण्यातले किती उरते, हे पाहण्याची उत्सुकता आहे.

मध्ये दिवाळी येईल आणि अंकांमुळे हा क्रम मोडेल, हे ठाऊक आहे आणि त्याची मला तक्रार नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचे हे काही आठवडे अंकांचे असतात आणि ते तसेच असावेत. त्या अंकांतूनच अनेकदा नव्या लेखिकेचे पहिले आत्मपर लेखन हाती लागते आणि वर्षभराची वाट बदलते.

माझ्या क्रमात अजून मोठी जागा रिकामी आहे. आदिवासी बायकांनी, मराठी मुसलमान बायकांनी आणि गोव्यातल्या बायकांनी मराठीत स्वतःविषयी लिहिलेले मला फारच थोडे मिळाले आहे. आपल्यापैकी कोणी असे पुस्तक वाचले असेल, किंवा एखाद्या जुन्या मासिकात लेखमाला पाहिली असेल, तर तिचे नाव, शक्य असल्यास प्रकाशनाचे वर्ष, आणि ते आपल्याला कोणत्या पुस्तकाच्या मागून सापडले तेही कृपया लिहावे. ती पुस्तके 'आयदान'च्याही आधी घ्यायला मी तयार आहे.