अल्कोहोल म्हणजे अल्कोहोल नाही, मार्करमध्ये थिनर घालू नका

परवा रात्री साडेनऊला ताईचा फोन. चिऊला उलटी झालीय, डोकं ठणकतंय म्हणते आणि तिच्या खोलीत कसला तरी उग्र वास येतोय. पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या. काय करत होती विचारलं तर म्हणे मार्कर दुरुस्त करत होती. तेरा वर्षांची पोर, दिवाळीला घेतलेला ४८ अल्कोहोल मार्करचा (म्हणजे शाई अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या रंगीत पेनांचा) सेट, त्यातले आठ सुकले होते, आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज वाचून तिने घरी रंगकामातून उरलेलं थिनर ड्रॉपरने त्या आठांमध्ये सोडलं. ताईला म्हटलं आधी तिला गॅलरीत बसव, खिडक्या उघड, डॉक्टरांना फोन लाव. तासाभरात बरी झाली. तो मेसेज मी मागवून घेतला, तर नंतरच्या दोन दिवसांत तोच मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. ‘अल्कोहोल मार्करची सहा रहस्यं’ असं नाव आहे. मी अकरा वर्षं याच मार्करवर कामं करते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं रहस्य शब्दशः असं आहे: ‘अल्कोहोल म्हणजे अल्कोहोल. सुकलेल्या मार्करमध्ये सॅनिटायझर, पॉलिशचं स्पिरिट किंवा थिनर, काहीही टाका, नवा होतो.’

थिनर हे अल्कोहोल नाहीच. हार्डवेअरच्या दुकानात एनसी थिनर म्हणून मिळतं त्यात सहसा टोल्युइन, ॲसिटोन असले द्रव असतात, रंगारीसुद्धा खिडक्या उघड्या ठेवून वापरतात, आणि बंद खोलीत त्याच्या वाफेने डोकं दुखणं, चक्कर, उलटी हे ठरलेलं. ठिणगी पडली तर भडकतं ते वेगळंच. चिऊचे मार्कर मी दुसऱ्या दिवशी हातात घेतले. प्लास्टिक दुधाळ झालेलं, दोघांची टोपणं चिकटून बसलेली, ब्रशचं टोक वातीसारखं फुगून सुटं झालेलं आणि निळ्याच्या जागी कागदावर मळकट पिवळसर डाग. पॉलिशच्या स्पिरिटचंही तेच, ते पिऊ नये म्हणून मुद्दाम विषारी केलेलं असतं, त्यात मिथेनॉल असू शकतं आणि मिथेनॉल श्वासातून आणि कातडीतूनही अंगात जातं. मुलांच्या ग्रुपवर हे पाठवताना कुणालाच कसं काही वाटलं नाही?

आता सॅनिटायझर. डब्ल्यूएचओचं सॅनिटायझरचं एक सूत्र सगळ्यांना वाचायला मिळतं: इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरीन १.४५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के, बाकी पाणी. मार्करच्या हिशोबाने वाचा. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन उडत नाही, ते टोकात आणि कागदावर राहतं आणि कागद चिकट लागतो. पाण्याने कागद फुगतो. जेल असेल तर ते घट्ट करायला घातलेला पदार्थ टोकाच्या धाग्यांत अडकतो आणि शाई वर येणंच बंद होतं. हाताला ओलावा राहावा म्हणून घातलेली वस्तू चित्राला कशी चालेल?

अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने. मार्कर सुकतो तेव्हा बऱ्याचदा आतला रंग तसाच असतो, फक्त अल्कोहोल उडालेलं असतं, टोपण सैल राहिलं की असंच होतं. अशा वेळी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोठ्या माणसाने, खिडकी उघडी ठेवून, चार-पाच थेंब टोकावर सोडलं आणि मार्कर रात्रभर आडवा ठेवला तर बरेचदा चालू होतो. रंगच संपला असेल तर नुसता फिका पडतो. कोपिकसारख्या महाग ब्रँडच्या मार्करची शाई आणि टोकं वेगळी विकत मिळतात, तिथे हे करायची गरजच नाही.

दुसरं, ‘कलरलेस ब्लेंडर नसेल तर ब्लेंडिंग होत नाही.’ ब्लेंडिंग म्हणजे एक छटा दुसरीत अलगद मिसळणं, आणि यावर मुलांचे उगाच पैसे जातात. कलरलेस ब्लेंडर म्हणजे रंग नसलेला द्रव, तो रंग मिसळत नाही, ढकलतो. रंगावर टेकवलात की मध्ये फिका ठिपका आणि कडेला गडद कडं उठतं. रेषेबाहेर गेलेला रंग मागे सारायला किंवा कापडावर बुट्ट्या काढायला उत्तम आहे तो. ब्लेंडिंग मार्करनेच मार्करवर होतं, कारण दुसऱ्या थरातलं अल्कोहोल खालचा रंग परत विरघळवतं. कोपिकचे बी २१, बी २४, बी २६ घ्या. अक्षर म्हणजे रंगाचं घराणं, पहिला आकडा रंग किती करडा, शेवटचा किती गडद, म्हणजे हे तिघं एकाच ओळीतले. आधी २१ ने सगळा भाग ओला करायचा, तो वाळायच्या आत सावलीकडे २४, कडेला २६, मग परत २४ घेऊन २६ च्या हद्दीवर छोटे गोल फिरवायचे आणि शेवटी २१ ने सगळं जोडून घ्यायचं. हद्द डोळ्यांदेखत विरते. स्वस्त सेटमध्ये नंबर कसेही असतात, तेव्हा आधी त्याच कागदावर स्वतःचा रंगतक्ता काढा, टोपणाच्या रंगावर विसंबू नका.

तिसरं, ‘कुठलाही कागद चालतो.’ नाही चालत. झेरॉक्सच्या कागदावर रंग फुटतो आणि खालच्या पानावर उतरतो, वॉटरकलरचा जाड कागद शाई पिऊन टाकतो आणि मार्कर महिन्याभरात रिकामा होतो. ब्रिस्टल नावाचा गुळगुळीत जाड कागद किंवा मार्कर पेपर घ्या. आणि बॉलपेनची आउटलाइन नको, ती अल्कोहोलमध्ये विरघळते.

चौथं, ‘पर्मनंट आहे, रंग कधीच उडत नाही.’ पर्मनंट म्हणजे पाण्याने जात नाही एवढंच. यात रंग डाय असतो, म्हणजे द्रवात विरघळलेला, पिगमेंट म्हणजे न विरघळणारी रंगाची पूड नाही, उन्हात उडतोच, हे कोपिकवालेही सांगतात. माझ्या खिडकीसमोर लावलेल्या गणपतीच्या चित्रातलं सगळं गुलाबी दोन वर्षांत गेलं. मूळ चित्र फाइलमध्ये ठेवा, भिंतीवर प्रिंट लावा.

पाचवं, ‘नॉन-टॉक्सिक लिहिलंय, हातावर टॅटू काढा.’ तो शिक्का कागदावर वापरण्यापुरता असतो. कलासामग्रीला नॉन-टॉक्सिकचा ‘एपी’ शिक्का देणारी अमेरिकेतली एसीएमआय संस्थाच सांगते की त्यासाठी बनवलेली नसेल ती कलासामग्री कातडीवर वापरू नका.

सहावं, ‘स्वस्त आणि महाग सारखेच.’ शिकण्यापुरतं हे खरं आहे. चिऊच्या वयाला ४८ चा स्वस्त सेट पुरेसा आहे, किंबहुना एका घराण्यातले तीन-तीन रंग असे बारा मार्करसुद्धा पुरतील. फरक पुढे कळतो, शाई संपल्यावर.

चिऊचे आता चाळीस उरलेत, आडवे ठेवलेले, म्हणजे दोन्ही टोकांना शाई राहते. थिनर ताईने वॉचमनच्या ओळखीच्या रंगाऱ्याला देऊन टाकलं. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान पहिला मुद्दा चूक आहे एवढं तरी त्याच ग्रुपवर आज लिहा, कुणाच्या तरी घरी अजून रंगाचा डबा उघडा असेल.