स्वदेशी चित्र, जपानी पाणी

'कला महाविद्यालयांत युरोपीय वळणाचं शिक्षण अजून कशाला? आपली परंपराच शिकवा,' असा सूर आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर अधूनमधून लागतो. दाखला ठरलेला: अवनींद्रनाथ टागोरांची 'भारतमाता'. साल १९०५, वंगभंगाचं. भगवी वस्त्रं, चार हात. त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ.

चित्र मलाही आवडतं. पण ते रंगवलंय कसं? जलरंग द्यायचा, वाळला की कागद पाण्यात बुडवायचा, पुन्हा रंग द्यायचा. कडा विरतात, सगळीकडे धुकं उतरतं. वॉशची ही तऱ्हा अवनींद्रनाथांच्या हाती आली ती १९०३ मध्ये कोलकात्याला आलेल्या योकोयामा ताइकान या जपानी चित्रकारामुळे. मुघल लघुचित्रांकडे बघा म्हणून अवनींद्रनाथांच्या पाठीशी उभा राहिला तो तिथल्या सरकारी कलाशाळेचा इंग्रज प्राचार्य हॅवेल. त्याने शाळेतली युरोपीय चित्रं हलवायला घेतली, तेव्हा बंड केलं ते बंगाली विद्यार्थ्यांनीच!

स्वदेशी चित्रकलेची ही चळवळ हवीच होती, हे मात्र मान्य. मी राहतो त्या लंडनमध्येच १९१० साली जॉर्ज बर्डवूड या भारतीय कारागिरीच्या इंग्रज जाणकाराने एका बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली होती. त्याविरुद्ध 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिणाऱ्या तेरा जणांतलेही बहुतेक इथलेच.

खटकतं ते राजा रविवर्म्याला परका ठरवणं. त्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आजही इथल्या हॅरो-वेम्बलीच्या देव्हाऱ्यांत आहेत. तैलरंग युरोपचे म्हणून त्या परक्या आणि जपानी पाण्यातली भारतमाता तेवढी आपली, हा हिशेब मला कधी जुळला नाही.

जे.जे.त शिकलेली माझी एक मैत्रीण पावसातले बसथांबे रंगवते. इथले गॅलरीवाले आस्थेने विचारतात, यात भारत कुठे आहे? मोर, हत्ती, कमळ असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. सुट्टीत घरी गेली की काका तेच विचारतात, फक्त आवाज चढवून. हॅवेलची माया खोटी नव्हती, पण भारतीयाने भारतीयच दिसावं ही अट तिच्यात होती. ती आता आपणच आपल्या पोरांना का घालतोय?

अजिंठा शिकवा, लघुचित्रं शिकवा, भरपूर शिकवा. समोर माणूस बसवून रेखाटन करून घेणं, हे युरोपीय वळणाचं शिक्षण, तेवढं बंद करू नका. बसथांबे फारसे विकले जात नाहीत. मैत्रिणीचं घरभाडं निघतं ते पोर्ट्रेटच्या कामांतून.