‘काम छान करतो’ म्हणजे नक्की काय?

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. चुलतभावाने हैदराबादच्या संध्या थिएटरबाहेरचा जुना व्हिडिओ टाकला. डिसेंबर २०२४ मधला. ‘पुष्पा २’च्या आदल्या रात्रीच्या खेळाला नायक स्वतः आला, गर्दी उसळली, चेंगराचेंगरीत एक बाई गेली आणि तिचा लहान मुलगा महिनोन्‌महिने रुग्णालयात राहिला. त्याखाली काकांनी करूरची आठवण काढली: सप्टेंबर २०२५, अभिनेता विजय यांची राजकीय सभा, ४१ मृत्यू. मग निकाल जाहीर झाला. “दक्षिणेतले लोक वेडेच. आपल्याकडे असलं नाही. मराठी माणूस चेहरा बघत नाही, काम बघतो.” तीन अंगठे, दोन नमस्कार.

हे वाचलं तेव्हा मी टोकियोतल्या माझ्या घरात जमिनीवर बसून एका गोल हातपंख्यावर चकचकीत कागदाची तेलुगू अक्षरं चिकटवत होते. एका नटाचं नाव. म्हणजे वादात मी आधीच हरलेली.

पंखा माझा नव्हता, शेजारणीचा. साठीच्या आसपासची, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी बाई. मी भारतीय, म्हणजे मला तेलुगू येणारच, असं तिने धरून चाललेलं. येत नाही हो. पण मी सांगली-मिरजेकडची. कन्नड पाट्या वाचत मोठी झाले आणि त्या दोन लिप्या बहिणी-बहिणी, तेवढ्यावर वेळ मारून नेली. ‘आरआरआर’ हा तेलुगू सिनेमा तिने सतरा वेळा पाहिलाय. तिचा जीव जडलाय ज्युनिअर एनटीआरवर, त्याला ती ‘ताराकसान’ म्हणते, म्हणजे आपलं ‘तारकजी’. चेहऱ्यावर राग आणि लाज एकाच वेळी आणणारा दुसरा नट तिने पाहिला नाही म्हणे. आणि खांदे. खांद्यांबद्दल ती बरंच बोलली. माझं जपानी तिथे कमी पडलं, पण तिचे हात पुरे होते.

‘आरआरआर’ जपानात २१ ऑक्टोबर २०२२ ला लागला आणि उतरायलाच तयार नव्हता. त्याआधी इथे भारतीय सिनेमाचा विक्रम रजनीकांतच्या ‘मुथू’चा होता, १९९८ सालचा, सुमारे ४० कोटी येनचा. ‘आरआरआर’ २०० कोटींच्या पुढे गेला. (रजनीकांत म्हणजे बंगळुरूचे शिवाजीराव गायकवाड, हे मी शेजारणीला सांगितलं. “म्हणजे तुमचाच?” म्हणाली. मी मान डोलावली. परदेशात राहून माणूस असल्या गोष्टींचं श्रेय घ्यायला शिकतो.)

तर तो पंखा घेऊन आम्ही एका ‘ओएन-जोएई’ला गेलो. सरळ सांगायचं तर ओरडायची परवानगी असलेला खेळ. एरवी इथल्या थिएटरात शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत कुणी खोकतही नाही, म्हणून ओरडण्यासाठी वेगळी वेळ काढावी लागते. सुरू होण्याआधी एका मुलीने पुढे येऊन नियम वाचले. पंखा छातीच्या वर न्यायचा नाही, मागच्याला दिसलं पाहिजे. दिव्याच्या कांड्या हलवा, पण शेजारच्याच्या डोळ्यात नकोत. मग अंधार झाला आणि दीड-दोनशे बायका, हो, बहुतेक बायकाच, चाळिशीच्या, पन्नाशीच्या, एक तर काठी घेऊन आलेली, अशा काही किंचाळल्या की मला सांगलीच्या टॉकीजमधली शुक्रवारची पहिली रांग आठवली. सिनेमातल्या रामसाठी लाल कांड्या, भीमसाठी, म्हणजे ताराकसानसाठी, निळ्या. आग आणि पाणी. भीमला चाबकाचे फटके बसतात त्या गाण्यात माझ्या शेजारणीने निळी कांडी विझवून मांडीवर ठेवली आणि हमसून हमसून रडली. खेळ संपल्यावर सगळ्यांनी पिशव्या काढल्या आणि खुर्च्यांखालचे कागदाचे कपटे वेचले. काठीवाल्या आजीसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, आलं जपानचं शिस्तपुराण. नाही. कपटे वेचण्याचं कौतुक पुष्कळ झालंय, मला त्यात रस नाही. मला त्या दीड-दोनशे बायका लक्षात राहिल्या. नवरा, मुलगा, भाऊ यांच्यापैकी कुणाला ‘सोबत’ न आणता एक देखणा पुरुष बघायला आलेल्या, आणि तसं उघड म्हणणाऱ्या. इथे त्याला शब्दसुद्धा आहे: ‘ओशी’. ज्याला आपण पुढे रेटतो, ज्याच्या बाजूने उभं राहतो, तो. “तुमचा ओशी कोण?” हे इथे ऑफिसातही विचारतात. “तुमचं गाव कुठलं?” या सुरात.

आपल्याकडे पहिल्या दिवशीचा पहिला खेळ कुणाचा? पोरांचा. फटाके, कटआउटवर दूध, ढोल, सगळं पोरांचं. हैदराबादची ती बाई नवऱ्या-मुलांसोबत सिनेमाला आली होती. ती वेडी नव्हती. तिच्या वाटेत कुणी दार आखलं नव्हतं, रांग आखली नव्हती, आणि नटाने कधी, कुठून आत जावं हेही नीट कुणी ठरवलं नव्हतं. ग्रुपवर मात्र दोष तिच्या आवडीला. जणू नट आवडणं हाच गुन्हा आणि चेंगराचेंगरी ही त्याची शिक्षा. तिरुपतीला रांगेसाठी मंडप असतात, पंढरीच्या वारीत दिंड्यांना क्रमांक असतात. तिथे भक्तीला कुणी बुद्धी शिकवत बसत नाही, सोय करतात. सिनेमाच्या दारात मात्र सोय करायच्या ऐवजी प्रवचन.

आणि “मराठी माणूस काम बघतो” याचं तर मला हसूच येतं. दर २ नोव्हेंबरला वांद्र्यात शाहरुखच्या ‘मन्नत’बाहेर जमणाऱ्या गर्दीत मराठी कुणी नसतं वाटतं? बालगंधर्वांची साडी, नथ, केसांचं वळण बघून घरोघरच्या बायकांनी आपलं नेसणं बदललं, ते काय फक्त गाणं ऐकून? योगायोग असा, की गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ साली आणि जपानातली ताकाराझुका ही निव्वळ मुलींची मंडळीही त्याच वर्षी उभी राहिली. तिथे पुरुषांची कामं बायका करतात आणि त्या ‘पुरुषां’वर बायकाच जीव टाकतात. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी चक्क ‘आरआरआर’ रंगमंचावर आणला. भीम झालेली बाई छाती काढून उभी राहिली तेव्हा शेजारीण माझ्या कानात पुटपुटली, “खांदे कमी आहेत.” बालगंधर्वांच्या वेळी आपल्या पणज्या असंच काहीतरी पुटपुटल्या असतील. कुणी लिहून ठेवलं नाही, एवढंच.

इथलं सगळं सोनं आहे असं नाही. ‘जॉनीज’ या देखण्या पोरांची फौज घडवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाने दशकानुदशकं लहान मुलांचं लैंगिक शोषण केलं, हे कंपनीने कबूल केलं २०२३ मध्ये, तो मेल्यावर चार वर्षांनी. कुजबुज आधीपासून होती, छापूनही आलं होतं. पण चाहते गप्प, वाहिन्या गप्प. त्याच वर्षी ताकाराझुकातल्या एका तरुण कलाकाराचा मृत्यू झाला, आणि तिथला कामाचा भार व वरिष्ठांचा जाच चव्हाट्यावर आला. रांगेत उभं राहणारं प्रेमही आंधळं असू शकतं. शेजारणीला मी हे विचारलं तेव्हा तिने चहा ढवळत बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, “आम्ही मागच्याला दिसेल एवढंच बघतो. पुढे काय चाललंय ते बघत नाही.” यावर मला काही बोलता आलं नाही.

तरीही मला कुणी निवडायला सांगितलं, तर मी उघड आवडण्याच्या बाजूने. कारण लपवलेल्या आवडीचं काय होतं ते मी घरी पाहिलंय. माझी आई. वय पंच्याहत्तर. डॉ. काशिनाथ घाणेकरांचं नाव निघालं की तिचं ठरलेलं वाक्य, “काम छान करायचे हो.” बस. टाळ्या-शिट्ट्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेणाऱ्या प्रेक्षकांत बायका होत्या, मुली होत्या, आणि त्या सगळ्या पुढे आयुष्यभर ‘काम छान करायचे’ म्हणत राहिल्या. मराठी बाईला पुरुष देखणा वाटला की तो लगेच चांगलं काम करू लागतो. माझ्या मावश्या रवींद्र महाजनींबद्दल हेच म्हणतात. मीही कॉलेजात असताना मैत्रिणींना हेच सांगायचे. कुणाबद्दल, ते इथे लिहीत नाही. पाहिलंत?

रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला. तिला पंखा दाखवला, कांड्या दाखवल्या, शेजारणीचे खांद्याचे हातवारे करून दाखवले. घाणेकरसुद्धा पेशाने दातांचे डॉक्टर होते, हे शेजारणीला कळल्यावर तिला कसा आनंद झाला तेही सांगितलं. आई हसली नाही. “साठ वर्षांची बाई? एकटी जाते?” म्हणाली. मी म्हटलं, हो, आणि काठी घेऊन आलेली एक होती, ती तर तुझ्याहून मोठी असेल.

“आणि घरी सांगून जातात?”

“सांगून जातात.”

बाबा पलीकडे पेपर वाचत होते. आईने फोन उचलला आणि चालत चालत स्वयंपाकघरात गेली. ओट्याचा पत्रा, वरची डब्यांची फळी, मग छत, मग पुन्हा तिचा चेहरा, फार जवळून.

“भावे नाट्यमंदिरात तिसऱ्या रांगेत बसलो होतो आम्ही. मी आणि कुमुद,” ती हळू आवाजात म्हणाली. “घारे डोळे होते गं त्यांचे. तिसऱ्या रांगेतून दिसायचे.”