अर्ध्या माणसांचं घर

समजा, साल १९३६ आहे, तुम्ही इंग्लंडमधल्या संडरलँडच्या गोदीत कामाला आहात आणि दारावर कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर वही-पेन्सिल घेऊन उभा आहे. घाबरू नका. एका खाटेवर चौघं झोपतात हे त्याला आपणहून सांगू नका; तो खाटा मोजायला आलेलाच नाही. घरातली दाटी ठरवणाऱ्या १९३५च्या कायद्यानं त्याला खोल्या आणि माणसं मोजायला धाडलंय, आणि माणूस म्हणजे काय हे त्याच कायद्यानं ठरवून दिलंय. दहा वर्षांखालचं पोर म्हणजे अर्धा माणूस. वर्षाच्या आतलं बाळ म्हणजे शून्य, मग ते रात्रभर कितीही रडो.

आता हिशेब करा. दोन खोल्यांत तीन माणसं चालतात. तुम्ही, बायको, शाळकरी दोघं आणि पाळण्यातलं एक: झाले तीन. तीन खोल्या असतील तर पाच चालतात, म्हणजे नवराबायको, सहा चिल्लीपिल्ली आणि वर एक तान्हं. नऊ जणं, तरी दाटी नाही! खोल्या ऐसपैस हव्यात एवढंच; ११० चौरस फुटांच्या आत आलात की आकडा घसरतो. आणि ज्या खोलीत चूल पेटते, जेवण होतं, ओले कपडे वाळतात, ती बसायची खोलीही झोपायला धरतात. त्यामुळे ‘आम्हाला एकच झोपायची खोली आहे’ असलं रडगाणं गाऊ नका.

वाढदिवस मात्र जपून. पहिल्याला बाळ शून्याचं अर्धं होतं, दहाव्याला अर्ध्याचं पुरतं. शिवाय दहा वर्षांपुढच्या बहीणभावांना एका खोलीत झोपवायचं नाही. पोरं हळूहळू वाढवा.

इतकी सवलत देऊनही देशभरात ३.८ टक्के घरं दाटीची निघाली, आणि तुमच्या संडरलँडमध्ये तर पाचातलं एक. याला म्हणतात चिकाटी.

नवं घर देऊ केलं तर हुरळून जाऊ नका. जवळच्या स्टॉक्टनमध्ये १९२७ साली गलिच्छ वस्तीतली कुटुंबं कौन्सिलच्या नव्याकोऱ्या घरांत नेली. भाडं जवळजवळ दुप्पट झालं, ते ताटातून कापलं गेलं, आणि मृत्यूचं प्रमाण कमी व्हायचं सोडून वाढलं. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. मॅक्गोनिगल यांनी लोक काय खातात हेच मोजून काढलं. तसला डॉक्टर आला तर घरी नाही म्हणून सांगा. इन्स्पेक्टरला मात्र खुशाल आत घ्या. तो ताटात डोकावत नाही.